कमी वेगात धक्के मारणारा डिझेल ट्रक: इंजेक्शन टायमिंग तपासायचं कसं, लावायचं कसं

उसाच्या हंगामात कारखान्याच्या काट्यापुढे लागलेली रांग तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरात सरकत असते. घाटात पुढे कंटेनर अडकला की तीच गत. मोकळ्या रस्त्यावर गुण्यागोविंदाने पळणारी गाडी अशा वेळी धक्के मारते, खटखट वाजते, क्लच सोडला की थरथरते. मग कुणीतरी म्हणतं, “टायमिंग हललंय, पंप थोडा ओढून घ्या.” पंपाचे नट सैल होतात, अंदाजाने पंप ढकलला जातो, आणि महिन्याभरात हेड गॅस्केटचं काम निघतं.

हा लेख मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी आहे. मुख्यतः इनलाइन पंप डोळ्यापुढे ठेवला आहे, म्हणजे ज्यात प्रत्येक सिलिंडरसाठी एकेक एलिमेंट (डिझेल दाबणारा भाग) ओळीने बसवलेलं असतं तो मायको पंप. टाटाच्या ६९७ इंजिनाच्या जुन्या गाड्या, कमिन्सच्या बी-सिरीज इंजिनाचे १६१३ टीसी, २५१५ टीसी असे ट्रक गावोगावी पाण्याच्या टँकरला, मुरूम-खडीला, उसाला अजून लावलेले दिसतात. कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्यांबद्दल शेवटी थोडं आहे, पण त्यांना ही पद्धत लागू होत नाही.

टायमिंग म्हणजे नेमकं काय

पिस्टन कम्प्रेशनमध्ये वर येत असताना, टॉप डेड सेंटरच्या म्हणजे टीडीसीच्या (पिस्टनच्या सगळ्यात वरच्या जागेच्या) किती अंश आधी पंप डिझेल दाबायला सुरुवात करतो, तो कोन म्हणजे स्टॅटिक टायमिंग. डिझेल आत गेल्या गेल्या पेटत नाही. थेंब तापून त्याची वाफ व्हायला आणि पेट घ्यायला साधारण एक-दीड मिलिसेकंद जातो. कमी वेगातल्या वागण्याची सगळी गोम या वेळेत आहे.

हिशोब सोपा आहे. ६०० आरपीएमला क्रँक सेकंदाला ३,६०० अंश फिरतो, म्हणजे दीड मिलिसेकंदात फक्त ५.४ अंश. २,४०० आरपीएमला तो सेकंदाला १४,४०० अंश फिरतो, तिथे एका मिलिसेकंदातच १४.४ अंश निघून जातात. म्हणून जोरात पळणाऱ्या इंजिनाला डिझेल खूप आधी लागतं आणि रांगणाऱ्या इंजिनाला कमी आधी चालतं. ही तफावत भरून काढायला बऱ्याच पंपांच्या पुढे वजनं आणि स्प्रिंगांचा टायमर असतो. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि पंपाचा शाफ्ट काही अंश पुढे सरकतो. ज्या इंजिनाला टायमर नाही, तिथे कंपनीने दिलेला आकडा ही दोन्ही वेगांची तडजोड असते.

आता “पिकअपसाठी” टायमिंग तीन-चार अंश आधी, म्हणजे अ‍ॅडव्हान्स केलं तर काय होईल ते बघा. महामार्गावर गाडी थोडी हलकी वाटेल. पण रांगताना पिस्टन अजून वर चढत असतानाच स्फोटाचा दाब त्याच्या डोक्यावर येईल. क्रँक अडखळेल, खटखट वाढेल, प्रत्येक सिलिंडरचा फटका गिअरबॉक्सपर्यंत जाणवेल. बेअरिंग, पिस्टन-रिंगा आणि हेड गॅस्केटवर त्याचा मार रोज बसतो. उलट रिटार्ड (उशिरा) जास्त झालं तर इंजिन ऐकायला मऊ लागेल, पण थंड असताना डोळे चुरचुरणारा पांढरा धूर येईल, चढावर दम राहणार नाही, एक्झॉस्ट तापेल, डिझेल जास्त जाईल.

म्हणून नवख्यांना पहिली गोष्ट सांगायची ती ही: टायमिंगला हात सगळ्यात शेवटी लावायचा आणि जेवढं सरकवायचं तेवढं मोजून सरकवायचं.

आधी बाकीचं तपासा

कमी वेगातल्या धक्क्यांमागे टायमिंग सोडून दुसरीच कारणं जास्त वेळा असतात. ती न बघता पंप हलवला तर मूळ दोष तसाच राहतो आणि त्यावर नवा चढतो.

न्यूट्रलमध्ये इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा. तिथे ते शांत असेल आणि गिअरात टाकल्यावरच गाडी थरथरत असेल, तर संशय प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, सेंटर बेअरिंग, इंजिन माउंटिंग आणि क्लच प्लेटवर घ्या. शाफ्ट हाताने पिरगाळून बघा, क्रॉसमध्ये खेळ असेल तर लगेच कळतो. न्यूट्रलमध्येही इंजिन हलत असेल, तर दोष इंजिनात किंवा डिझेलच्या लाइनमध्ये आहे.

डिझेलच्या बाजूला पहिला गुन्हेगार हवा. ओव्हरफ्लोच्या रिटर्नवर (पंपातलं जादा डिझेल टाकीत परत नेणाऱ्या लाइनवर) वीतभर पारदर्शक नायलॉन पाइप लावा आणि इंजिन चालू करून बुडबुडे दिसतात का बघा. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीवर चालतो, त्यामुळे तिथल्या बारीक फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेर ओल दिसत नाही म्हणून जॉइंट चांगला असं धरू नका. बँजो बोल्टचे कॉपर वॉशर, टाकीतला सक्शन पाइप, सेडिमेंटरच्या बाउलचं रबर या जागा आधी बघा. मग फिल्टर. इनलाइन पंपाच्या गॅलरीत (एलिमेंटांभोवतीच्या डिझेलच्या पोकळीत) साधारण १ ते १.५ बार प्रेशर मिळायला हवं. कमी असेल तर फिल्टर चोंदला आहे, फीड पंपाचा व्हॉल्व्ह बसत नाही किंवा ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग गेली आहे.

मग टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट. इंजिनाच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं अंतर थंड इंजिनावर फीलर गेजने लावा. कमिन्स ६बीटीला ते इनलेटला ०.२५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.५१ मिमी आहे. दुसऱ्या इंजिनाचा आकडा उसना घेऊ नका.

नोझल हा या सगळ्यातला मोठा विषय. नोझल टेस्टरवर चार गोष्टी बघायच्या: ठरलेल्या प्रेशरला उघडतो का, फवारा सगळ्या भोकांतून सारखा आणि बारीक येतो का, दांडी हळू दाबली की किरकिर आवाज येतो का, आणि उघडण्याच्या प्रेशरच्या थोडं खाली धरून ठेवलं तर टोकावर थेंब जमतो का. थेंब गळणारा नोझल आयडलिंगला हमखास खटखट करतो. तो आवाज अगदी अ‍ॅडव्हान्स टायमिंगसारखाच येतो, म्हणून माणसं फसतात. फरक एवढाच की नोझलची खटखट एका सिलिंडरची असते, टायमिंगची सगळ्या सिलिंडरांची. सगळ्या नोझलांचं उघडण्याचं प्रेशर एकमेकांशी जुळणंही तितकंच महत्त्वाचं, कारण ज्याचं प्रेशर उतरलंय तो आधी उघडतो आणि त्या एका सिलिंडरचं टायमिंग आपोआप पुढे जातं. बसवताना खाली कॉपर वॉशर एकच आणि ठरलेल्या जाडीचा. जुना तसाच ठेवून वर नवा टाकला तर नोझलचं टोक वर राहतं, फवारा पिस्टनच्या वाटीत चुकीच्या जागी पडतो आणि धूर येतो.

कोणता सिलिंडर कमजोर आहे ते शोधायला आयडलिंगला एकेका हाय प्रेशर पाइपचा नोझलकडचा नट अर्धा आटा सैल करतात. ज्याचा नट सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासून काम करत नाही. हे करताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि बोट गळतीजवळ नेऊ नका. या लाइनमध्ये शेकडो बारचं प्रेशर असतं. बारीक धार कातडीतून आत घुसते, वर फक्त सुईचं टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असं झालंच तर लगेच रुग्णालय गाठा आणि “प्रेशरचं डिझेल आत गेलंय” हे शब्द डॉक्टरांना सांगा.

एवढं करूनही धक्के राहिले, किंवा पंप नुकताच उतरवून बसवला आहे, किंवा टायमिंग गिअरचं काम झालं आहे, तर पुढे चला.

लागणारी हत्यारं

पाने आणि सॉकेट सोडून: डिलिव्हरी व्हॉल्व्ह होल्डर खोलायचा खाचेचा सॉकेट, स्पिल पाइप (हंसाच्या मानेसारखी वाकवलेली बारीक नळी, एका टोकाला पंपाचा नट), क्रँक फिरवायचा लांब दांडा, टॉर्क पाना, मापाची पट्टी, नवे कॉपर वॉशर, स्वच्छ डिझेल भरलेली झाकणाची डबी, उघड्या तोंडांना लावायच्या कॅपा. डायल गेज असेल तर उत्तम. इंजिनाची प्लेट किंवा सर्व्हिस मॅन्युअल हवंच. एकाच नावाच्या इंजिनाला साधा, टर्बो आणि नंतरच्या भारत स्टेजचा असे वेगवेगळे टायमिंगचे आकडे असतात. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसं टायमिंग टीडीसीच्या जवळ आणलं गेलं, त्यामुळे जुन्या गाडीचा आकडा नव्यावर लावला की खटखट ठरलेली. पंपाच्या प्लेटवरचा नंबरही जुळवून बघा. दुसऱ्याच गाडीचा पंप चढवलेला असणं काही दुर्मिळ नाही.

टीडीसी खरी आहे का

गाडी सपाट जागी, चाकांना अडण, न्यूट्रल, हँडब्रेक, बॅटरीची वायर सुटी. पंपाचा भाग ब्रश आणि डिझेलने धुऊन घ्या. एलिमेंटमधलं अंतर मायक्रॉनमध्ये असतं, वाळूचा एक कण पुरतो.

एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरकडून मोजायचा. व्हॉल्व्ह कव्हर काढा आणि क्रँक चालत्या दिशेने फिरवा. सहा सिलिंडरचा फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ असेल तर एकचा जोडीदार सहा. सहाचे दोन्ही व्हॉल्व्ह हलत असताना, म्हणजे एक बंद होत आणि दुसरा उघडत असताना, एक नंबर कम्प्रेशनच्या टीडीसीजवळ असतो आणि त्याचे दोन्ही रॉकर सैल लागतात. चार सिलिंडरला १-३-४-२ असेल तर जोडीदार चार.

आता पुलीवरची किंवा फ्लायव्हीलवरची खूण पॉइंटरशी जुळवा. फ्लायव्हीलच्या खुणेवर भरवसा ठेवता येतो. पुढच्या डॅम्पर पुलीची बाहेरची रिंग मात्र रबरावर चिकटवलेली असते. रबर जुनं झालं की रिंग सरकते, खूण खोटी होते, आणि तिच्यावर बसवलेलं टायमिंगही खोटं होतं. शंका असेल तर एक नंबरच्या एका व्हॉल्व्हची स्प्रिंग टीडीसीला काढा, दांडीवर घट्ट रबरी रिंग चढवा म्हणजे व्हॉल्व्ह आत पडणार नाही, आणि तो पिस्टनवर टेकवून वर डायल गेज लावा. टीडीसीच्या अलीकडे आणि पलीकडे गेज सारखाच आकडा दाखवेल अशा दोन जागी पुलीवर खुणा करा. दोघींचा मध्य म्हणजे खरी टीडीसी. फक्त गेज सगळ्यात वर कुठे जातं ते बघून टीडीसी ठरवू नका, कारण तिथे पिस्टन जवळजवळ थांबलेला असतो आणि दोन-तीन अंशांची चूक सहज होते.

पुलीवर अंशांच्या रेघा नसतील तर कागदाच्या पट्टीवर आखा. व्यास गुणिले ३.१४, भागिले ३६० म्हणजे एका अंशाचे मिलिमीटर. २४० मिमी व्यासाला एक अंश २.०९ मिमी, ३०० मिमीला २.६२ मिमी. १८ अंश हवे असतील तर २४० च्या पुलीवर टीडीसीपासून ३७.७ मिमी. पट्टी लावताना दिशा नीट बघा: इंजिन चालत्या दिशेने फिरवलं की पॉइंटरसमोर आधी १८ ची रेघ यायला हवी, मग टीडीसीची.

स्पिल पद्धतीने मोजणं

पंपाच्या ज्या लाइनमधून एक नंबरच्या नोझलला पाइप जातो तीच घ्या, डोळ्यांनी माग काढा. तो पाइप काढा, नोझलकडच्या तोंडाला कॅप लावा. डिलिव्हरी व्हॉल्व्ह होल्डर खोला, आतली स्प्रिंग आणि व्हॉल्व्हचा पिस्टन चिमट्याने काढून डबीतल्या डिझेलमध्ये ठेवा. व्हॉल्व्हची सीट जागेवर राहू द्या. होल्डर परत बसवा, त्यावर स्पिल पाइप चढवा, तोंड बरणीकडे वळवा.

स्टॉप लिव्हर चालू स्थितीत हवा. तो बंद असेल तर प्लंजरची (एलिमेंटमधल्या वर-खाली होणाऱ्या दट्ट्याची) उभी खाच भोकासमोर राहते आणि धार कधी तुटतच नाही. रॅक (सगळ्या एलिमेंटांचं डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) फुल लोडच्या आसपास ठेवा. काही एलिमेंटांना स्टार्टिंगसाठी वेगळी खाच असते आणि रॅक पार स्टार्टच्या टोकाला गेला तर टायमिंग उशिरा दिसतं. अशा पंपात रॅक तिथपर्यंत जाऊ देऊ नका.

क्रँक उलट फिरवून टीडीसीच्या ५०-६० अंश मागे न्या. हँड प्रायमर मारा किंवा वर टांगलेल्या डब्यातून डिझेल सोडा, स्पिल पाइपातून अखंड धार येईल. आता क्रँक चालत्या दिशेने, अगदी हळू पुढे आणा. धार बारीक होईल, तुटेल, थेंब पडू लागतील. १० ते १५ सेकंदांना एक थेंब अशा जागी थांबा. प्लंजरने भोक बंद केलं ते इथे. पॉइंटरसमोरचा आकडा हेच तुमचं टायमिंग.

थोडं पुढे गेलात तर तिथून मागे आणून थेंब जुळवू नका. गिअरांच्या दातांमध्ये खेळ असतो, उलट दिशेने आणलं की तो खेळ आकड्यात मिसळतो. परत ५०-६० अंश मागे जाऊन पुन्हा पुढे या. मोजणी निदान दोनदा करा. दोन वाचनांत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर हात घाई करतोय किंवा गिअर-कपलिंग सैल आहे.

पंप सरकवणं

आकडा मॅन्युअलच्या मर्यादेत असेल तर पंपाला हात लावायचा नाही. बाहेर असेल तर सगळ्या हाय प्रेशर पाइपांचे नट दोन्ही टोकांना सैल करा, नाहीतर पाइप ताणले जातात आणि पुढे तडकतात. फ्लँजवर (पंप इंजिनाला जिथे नटांनी बसतो तिथे) आत्ताच्या जागी बारीक रेघ मारून घ्या.

पंपाचा शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट पंपाची बॉडी झुकवली तर अ‍ॅडव्हान्स, त्याच दिशेने झुकवली तर रिटार्ड. “इंजिनाकडे ओढलं की अ‍ॅडव्हान्स” हा नियम सगळ्या गाड्यांना लागू नाही, तो पाठ करू नका.

चार-स्ट्रोक इंजिनात पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणून पंप एक अंश सरकवला तर क्रँकवर दोन अंश बदलतात. फ्लँजच्या खाचा केंद्रापासून ६० मिमीवर असतील तर क्रँकचा एक अंश म्हणजे तिथे अवघा अर्धा मिलिमीटर. हाताने ढकललेला “थोडासा” पंप दोन-तीन मिलिमीटर सहज जातो, म्हणजे चार-सहा अंश! अंदाजाचं टायमिंग इंजिन का खातं ते या एका आकड्यात आहे.

खाचा संपल्या तरी आकडा येत नसेल तर गिअरचा दात चुकला आहे. ६० दातांच्या पंप गिअरला एक दात म्हणजे पंपाचे ६ अंश, क्रँकचे १२. तिथे कव्हर खोलून गिअरच्या खुणा जुळवाव्याच लागतात.

नट आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळताना पंप हलतो. मग स्पिल पाइप काढा, व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग धुऊन परत टाका, नवं वॉशर लावा आणि होल्डर पंपाच्या चार्टमधल्या टॉर्कने आवळा. इथे ताकद दाखवू नका. जास्त आवळलं तर बॅरल दबतो, प्लंजर अडकतो आणि रॅक जाम होतो. रॅक उघड्या जागी जाम झाला तर इंजिन सुरू होताच बेफाम रेस घेतं आणि चावीने बंद होत नाही. म्हणून सुरू करण्याआधी स्टॉप लिव्हर हलवून रॅक मोकळा सरकतो का ते तपासा, आणि एअर क्लिनरचा पाइप काढून हवेचं तोंड झाकायला एक सपाट फळी हाताशी ठेवा. तोंडावर हात किंवा फडकं कधीच लावायचं नाही.

हवा काढायचा क्रम: फिल्टर, पंपाची गॅलरी, मग पाइपांचे नोझलकडचे नट. मग बॅटरी जोडा आणि स्टार्ट करा.

कमिन्सच्या बी-सिरीजला गिअर हाउसिंगवर टीडीसीची पिन असते आणि इनलाइन पंपालाही स्वतःची पिन. ती आत सरकली की खुणा शोधाव्या लागत नाहीत. पण ती फक्त जागा शोधायला आहे, नट आवळताना आधार द्यायला नाही. काम झालं की मागे ओढा. आत राहिलेली पिन पहिल्याच स्टार्टरला तुटते आणि तुकडे गिअरात जातात. रोटरी पंपात स्पिलऐवजी मागच्या प्लगच्या जागी डायल गेज लावून टीडीसीला प्लंजर किती मिलिमीटर उचलला ते मोजतात. कोल्ड स्टार्टची यंत्रणा त्या वेळी सुटलेली हवी, नाहीतर आकडा चुकतो.

कमी वेगासाठी बारीक जुळवणी

मॅन्युअलमध्ये आकड्याला बहुधा एक अंश इकडे-तिकडे मुभा असते. तुमचं काम त्या मुभेच्या आतच. गाडीची बहुतेक वेळ रांगण्यात जात असेल तर मर्यादेच्या रिटार्ड बाजूला अर्धा ते एक अंश ठेवा. खटखट कमी होते, क्लच सोडताना गाडी मऊ उचलते. त्यापुढे गेलात तर सकाळी पांढरा धूर सुरू होईल आणि मिसिंगमुळे धक्के उलट वाढतील.

एका वेळी एकच बदल, तोही क्रँकच्या एका अंशापेक्षा जास्त नाही. चाचणी इंजिन ७५-८० अंश सेल्सिअस गरम असताना, नेहमीचा माल भरून, त्याच रस्त्यावर, त्याच गिअरात. अर्धा भरलेला पाण्याचा टँकर चाचणीला घेऊ नका. आतलं पाणी पुढेमागे आदळतं आणि ते धक्के इंजिनाचे वाटतात. ड्रायव्हर वरच्या गिअरात इंजिन घोटत चालवत असेल तर कुठलंच टायमिंग ती गाडी मऊ करू शकत नाही, हेही त्याला नीट समजावून सांगा.

टायमिंग लाइट मिळाली तर तिचा चिमटा एक नंबरच्या पाइपावर लावून ६००, १,०००, १,५०० आणि २,००० आरपीएमला खूण कुठे दिसते ते लिहून काढा. हा आकडा स्टॅटिकशी तंतोतंत जुळत नाही, कारण प्रेशरची लाट पाइपातून जायला वेळ घेते. ६० सेंटिमीटर पाइपाला सुमारे ०.४५ मिलिसेकंद लागतो, म्हणजे ६०० आरपीएमला दीड अंशाच्या थोडं वर आणि २,४०० ला साडेसहाच्या आसपास. सगळ्या सिलिंडरांचे पाइप कंपनी सारख्याच लांबीचे का देते ते यावरून कळेल. तुटलेल्या पाइपाऐवजी आखूड पाइप लावू नये. लाइटचा खरा उपयोग टायमर पकडायला होतो. आयडलिंगलाच खूण पुढे गेलेली असेल तर टायमरच्या स्प्रिंगा थकल्या आहेत. रेस सोडल्यावर ती उशिराने मागे येत असेल तर वजनं अडकत आहेत. टायमर दुरुस्त करायच्या ऐवजी स्टॅटिक रिटार्ड करून आवाज दाबला, तर वरच्या वेगात गाडी मरते.

स्टॅटिक बरोबर, नोझल चांगले, हवा नाही, आणि तरी रांगताना इंजिन लंगडतं? मग पंप टेस्ट बेंचवर न्या आणि दोन गोष्टी स्पष्ट सांगून तपासून घ्या. पहिली फेजिंग: सहा एलिमेंटच्या पंपात प्रत्येक एलिमेंट आधीच्यापासून बरोबर ६० अंशांवर, अर्ध्या अंशाच्या आत सुरू व्हायला हवं. आपण गाडीवर फक्त एक नंबर मोजतो, बाकी पाच चुकलेले असले तर ते इथेच कळतं. दुसरी आयडलिंगची डिलिव्हरी. पंप रूममध्ये फुल लोडचा सारखेपणा मन लावून बघतात, आयडलिंगचा घाईत सुटतो. फुल लोडला एका स्ट्रोकमध्ये डिझेल भरपूर जातं, तिथे थोडा फरक जाणवत नाही. आयडलिंगला जाणारं डिझेलच इतकं थोडं असतं की तेवढाच फरक एका सिलिंडरला उपाशी ठेवतो. कमी वेगाचा मऊपणा हवा असेल तर पैसे इथे घाला. गव्हर्नरची (आरपीएम सांभाळणाऱ्या यंत्रणेची) आयडल स्प्रिंगही तिथेच बघून घ्या. आरपीएम आपोआप वर-खाली होत राहत असेल तर दोष तिचा किंवा रॅकच्या घर्षणाचा असतो. फुल लोडच्या स्क्रूचं सील मात्र तोडायला सांगू नका.

नियम आणि नव्या गाड्या

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही, आणि पीयूसीच्या धूर चाचणीत बीएस-४ आधीच्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिज युनिटची (धुराची दाटी मोजायचं माप) मर्यादा आहे, बीएस-४ गाड्यांना ५० ची. टायमिंग मॅन्युअलच्या आकड्यावर आणणं ही दुरुस्ती आहे. आकड्याबाहेर नेणं ही दुरुस्ती नाही.

कॉमन रेलमध्ये टायमिंग ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतो, पंप फक्त प्रेशर बनवतो. तिथे कमी वेगात धक्के आले तर स्कॅनर लावून क्रँक आणि कॅम सेन्सर, रेल प्रेशर, इंजेक्टरची करेक्शन व्हॅल्यू, अ‍ॅक्सिलरेटर पेडलचा सेन्सर आणि ईजीआर व्हॉल्व्ह बघा. इंजेक्टर बदलला असेल तर त्याच्यावरचा कोड ईसीयूत भरलाय का ते विचारा. चालत्या इंजिनाचा पाइप सैल करून सिलिंडर शोधायची जुनी सवय इथे जिवावर बेतू शकते, कारण रेलमध्ये प्रेशर हजार बारच्या वरही जातं.

काम झाल्यावर ४००-५०० किलोमीटरनंतर फ्लँजचे नट, पाइपांचे जॉइंट आणि टॅपेट पुन्हा बघा. केबिनमधल्या वहीत तारीख, किलोमीटर, मिळालेलं स्टॅटिक टायमिंग, लावलेलं टायमिंग, आयडल आरपीएम, नोझलचं उघडण्याचं प्रेशर आणि पंपाचा नंबर लिहून ठेवा, आणि फ्लँजवरच्या रेघेचा मोबाइलवर फोटो काढा. पुढच्या वेळी कुणी पंप हलवला असेल तर ती रेघच सांगेल.